हरल्यावर हात कुठे ठेवायचे

मी बुद्धिबळात हरलो की स्वतःला मारून घेतो. उजव्या हाताचा पंजा कपाळावर, आणि एकदा मारून भागत नाही, कुणी थांबवेपर्यंत. सोबत शिव्या. गाढवा, टोणग्या, डोक्यात काय शेण भरलंय का. समोरच्या माणसाला वाटतं हा आपल्यालाच बोलतोय. तसं नसतं. समोरच्यावर माझा राग कधीच नसतो.

खोड जुनी आहे. पण थांबवणारी होती. बायको माझं मनगट धरायची आणि म्हणायची, "डोकं तुमचं आसंल, पण नवरा माझा हाय. फुकट मारू नका त्याला." मला हसू यायचं आणि हात आपोआप खाली यायचा. एवढंच औषध होतं त्याला. ती गेली. आता मनगट मोकळं आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत. बुद्धिबळ मी शाळेत किंवा क्लबात नाही शिकलो, धरमतरच्या जेट्टीवर शिकलो. बार्ज खाली करायच्या कामाला होतो तिथे. खाडीला पाणी चढल्याशिवाय बार्ज धक्क्याला लागत नाही, त्यामुळे भरतीची वाट बघत बसणं हा आमच्या कामाचाच भाग. कुणी पत्ते कुटायचे, कुणी सावली बघून आडवे व्हायचे. आमचा मुकादम एका फळीवर कोळशाने घरं आखायचा. सोंगट्या म्हणजे बाटल्यांची बुचं आणि नटबोल्ट. राजा म्हणजे पितळेची एक जुनी तोटी. त्याने जे सांगितलं ते आमचे नियम. प्यादं एका वेळी एकच घर चालणार. आणि राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी, अडीच घरं. ती उडी आम्ही जपून ठेवायचो. राजा कितीही कोंडला तरी मनात असायचं, उडी शिल्लक आहे अजून.

भरती आली की मुकादम ओरडायचा, "उठा रे!" डाव असेल तिथे मोडायचा. फळी पुसून टाकायची. मोडलेला डाव कुणाचाच नाही, हा पण नियमच होता. मी हरायला आलो की पटाकडे कमी आणि खाडीकडे जास्त बघायचो, पाणी कुठवर आलंय ते.

लग्नानंतर बायकोला हा खेळ शिकवला. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही. मी हरायला लागलो की नेमका तिचा भात करपायचा. "अगो बाई, भात!" करून ती उठायची आणि उठताना पदराने अर्धा पट झाडून जायची. कधी वेळेवर भात नाही करपला तर हरायचो, मग कपाळ बडवायचो, मग ती मनगट धरायची. असा संसार झाला. हरायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही. जेट्टीवर पाणी यायचं, घरी भात.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. पेणला दाखवलं, तिथून पनवेलला नेलं. सगळं केलं. मुलगी रजा टाकून दवाखान्यात बसली, जावई रात्रपाळी करून सकाळी डबा घेऊन यायचा. पावसाळा संपता संपता ती गेली. शेवटी मी डॉक्टरला सरळ विचारलं, "चुकलं कुठं? आधी आणली असती तर?" तो भला माणूस होता. म्हणाला, "बाबा, आधी आणलं असतं तरी हेच झालं असतं. तुम्ही कुठेच चुकला नाहीत." त्याला वाटलं हे ऐकून मला बरं वाटेल.

गडबजवळ आमचं घर आहे, हायवेपासून आत. कार्य आटोपून माणसं आपापल्या गावी गेल्यावर त्या घरात मी एकटा राहिलो. मुलगी रोह्याला दिलेली. ती म्हणाली, "बाबा, दर रविवारी यायचं. कारणं नका सांगू." मग मी नागोठण्यापर्यंत रिक्षाने, पुढे एसटीने, भिसे खिंड उतरून रोह्याला जायला लागलो.

तिथे माझे व्याही. केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट घातलेले. कंपनीत असताना ते बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळायचे. त्यांच्याकडे लाकडी पट, सोंगट्यांना खालून हिरवं मऊ कापड लावलेलं. पहिल्या रविवारी त्यांनी पट काढला तेव्हा मला बरं वाटलं. सांत्वनाला आलेली माणसं एकच काहीतरी बोलतात. ह्या माणसाने नुसतं विचारलं, "काळी का पांढरी?"

डाव रंगात आला. माझा राजा कोपऱ्यात कोंडला. मी बिनधास्त होतो. उचलला आणि घोड्याच्या चालीने बाहेर ठेवला.

व्याही बघत राहिले. "ही कुठली चाल?"

"घोड्याची. राजाला एकदा असते ना."

"नाय हो व्याही. राजाला कुठला घोडा? राजा एक घर."

"आमच्यात हाय."

"तुमच्यात आसंल. मग मी पण एका वेळी दोन चाली करतो, आमच्यात हाय म्हणून."

विहीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "द्या की हो त्यांना उडी. पाहुणे हायत."

"पाहुणे हायत का बेडूक हायत?" व्याही म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. राजा मागे घेतला आणि हरलो. पहिलाच डाव म्हणून हात आवरला. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून मनातल्या मनात मारून घेतलं.

पुढच्या रविवारी उडी नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी हरलो. त्याच्या पुढच्या रविवारी पण. कसं होतं, उडी मारायची नाही हे हाताला कळलं होतं, डोक्याला कळत नव्हतं. डोकं डाव मांडताना ती धरूनच चालायचं. राजाभोवतीची प्यादी मी खुशाल पुढे काढायचो, हत्ती लांब न्यायचो, कारण आत कुठेतरी वाटायचं, होईल काही तरी, अजून एक शिल्लक आहे. मग राजा कोंडायचा आणि काहीच शिल्लक नसायचं. प्रत्येक वेळी तेच. माणूस एक चूक किती वेळा करतो? बैल पण दुसऱ्यांदा त्या खड्ड्यात पाय घालत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी जिंकत होतो. खरंच जिंकत होतो. व्याही सारखा चष्मा पुसत होते. मुलगी खाली बसून तांदूळ निवडत होती, ती पण मधून मधून माझ्या तोंडाकडे बघून घ्यायची. आणि मी परत तेच केलं. राजा उघडा टाकला. व्याह्यांनी उंट आणून ठेवला आणि हळूच म्हणाले, "शह. बघा बरं, मात हाय का?"

मात होती.

पुढचं मला नीट आठवत नाही, पण घरातल्यांना आठवतं. मी पट उलटा केला. सोंगट्या सगळीकडे. राजा घरंगळत फ्रिजखाली गेला. आणि मी कपाळ बडवायला लागलो, तोंडात जेट्टीवर शोभतील अशा शिव्या, त्या पण मुलीच्या सासरी. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. व्याही नुसते "अहो, अहो" करत होते. मनगट कुणी धरलं नाही. कुणाला ठाऊक असणार? धरायचं असतं हे मला आणि तिलाच माहीत होतं.

हात दुखला तेव्हा मी थांबलो. बघितलं तर मुलगी सूप मांडीवर तसंच ठेवून रडत होती. आवाज न करता.

आमच्याकडे मुलीचा बाप तिच्या सासरी आवाज चढवत नाही. जेवायला वाढलं तर पहिल्या हाकेला पाटावर जात नाही, दुसरा भात मागत नाही. माझे वडील तर माझ्या बहिणीकडे पाणी सुद्धा नको म्हणायचे. आणि मी तिथं भर दुपारी थयथयाट केला. चपला घातल्या आणि निघालो. येतो पण म्हणालो नाही.

मग गेलोच नाही. फोन वाजायचा, मी बघत बसायचो. चूल नाही, काही नाही. चहा आणि बिस्किटं. घरातला जुना पुठ्ठ्याचा पट काढून तो डाव मी परत मांडला. मला तो सगळाच्या सगळा पाठ होता. इथं प्यादं काढलं, इथं घोडा खाल्ला, आणि इथं. इथं चुकलो. बोट त्या घरावर ठेवायचो आणि कपाळावर एक. परत मांडायचो, परत तिथवर यायचो, परत एक. शेजारीण एकदा दारातून म्हणाली, "काय ठोकताय हो, खिळे मारताय का?" मी म्हणालो व्हय.

एका दुपारी असाच बसलो होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हे का करतोय. डावात बोट ठेवता येतं. इथं चुकलो, असं म्हणता येतं. मारायला एक घर असतं. बायकोच्या आजारात मी सगळे दिवस पुढे मागे करून पाहिले आहेत, पहिल्यांदा पोट दुखतंय म्हणाली तिथपासून. दुसऱ्या दिवशी नेली होती. औषध एक चुकवलं नाही. बोट ठेवायला एक सुद्धा घर नाही. चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटतं मला. मग निदान कुणाला मारायचं ते कळलं असतं. नीट खेळूनही जर माणूस जातं, तर मग काय करायचं माणसाने? हे कळूनही मी थांबलो नाही. कळून थांबता आलं असतं तर दारूची दुकानं कधीच बंद झाली असती. डाव परत मांडला.

शेवटी मुलगीच आली. दार ढकलून आत, खांद्याला पर्स, हायवेच्या धुळीने केस पांढरे.

"फोन का उचलत नाय?"

"चार्जिंग नव्हतं."

"एवढे दिवस?" तिने पट बघितला, चुलीकडे बघितलं, मग माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कपाळावर काळानिळा डाग पडला होता. झाडू घेऊन घर झाडायला लागली. रागात असली की तिची आई पण असंच करायची.

मीच विचारलं, "विहीणबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या तुझ्या बाबांना दृष्ट लागलीय. मीठ-मिरच्या घेऊन जा."

"आणि व्याही?"

"ते राजा शोधत होते. ह्यांना फ्रिज सरकवायला लावला. राजाबरोबर तीन कांदे आणि माझी हरवलेली पिन पण निघाली."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "आता मला तिथं तोंड दाखवायला जागा नाय गो."

तिने झाडू टाकला. "तोंडाचं कुणाला पडलंय? मला तुमच्या हातांचं पडलंय. आई गेली ती माझ्यासमोर गेली. आता तुम्ही डोकं फोडून घेणार, ते पण मीच बघायचं? मी काय ह्याच्यासाठीच हाय?"

"मी मुद्दाम नाय करत."

"मग ऐका. यायचं तर या. हरा, जिंका, काय पण करा. पण माझ्यासमोर हात उचलायचा नाय. परत उचललात तर मीच सांगीन, बाबा, नका येऊ. सांगताना मला काय होईल ते माझं मी बघीन."

"मग मी खेळतच नाय."

"नका खेळू."

"आणि येऊन काय करू? तुमची सिरियल बघू?"

"मग हात आवरा!"

ती माझ्यासाठी भाकऱ्या करून, फडक्यात बांधून ठेवून, संध्याकाळच्या गाडीने गेली. तिला सोडायला हायवेपर्यंत गेलो. रस्ता ओलांडताना तिने माझं मनगट धरलं. ट्रक येत होते म्हणून. पलीकडे गेल्यावर सोडलं.

ती बोलली ते खरं करील हे मला माहीत आहे. माझीच मुलगी. आणि ते एक घर सुटलं तर मला दुसरं नाही. त्या रविवारी अंगात थंडी भरल्यासारखं वाटत होतं, तरी गेलो. एसटीत सगळा वेळ उजवा हात डाव्या हातात धरून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "काका, हाताला लागलंय का?"

व्याह्यांनी दार उघडलं. चपला काढायच्या आधीच मी म्हणालो, "शिव्या मी तुम्हाला नाय दिल्या. मी मला दिल्या."

"ते आम्हाला कळलं हो," ते म्हणाले. "पण तुमचा आवाज असा, की वरच्या मजल्यावरच्यांना वाटलं मी दिल्या. चार दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं." मग म्हणाले, "मांडू का?"

विहीणबाई पटकन म्हणाल्या, "कशाला आता ते? चहा घ्या, गप्पा मारा."

मुलगी ओट्यापाशी पाठ करून उभी होती. मी म्हणालो, "मांडा."

दोन्ही पंजे मांडीखाली घालून बसलो. चाल करायला उजवा काढायचा, चाल झाली की परत मांडीखाली. व्याह्यांनी बघितलं आणि आपली चाल केली. मी असा सावध आयुष्यात खेळलो नव्हतो. उडी नाही, उडी नाही, असं प्रत्येक चालीला स्वतःला बजावत होतो. राजासमोर तीन प्यादी जशीच्या तशी ठेवली, हलवलीच नाहीत. मागच्या ओळीत हत्ती राखणीला. बराच वेळ सगळं ठीक होतं. मग पलीकडे एक प्यादं एकटं दिसलं, आणि मी हत्ती उचलून ते खाल्लं.

हात मांडीखाली जायच्या आत कळलं.

व्याह्यांचा वजीर सरळ माझ्या मागच्या ओळीत येऊन बसला. माझीच तीन प्यादी राजाच्या पुढे भिंतीसारखी. हलायला जागा नाही. ज्यांना मी जपून ठेवलं होतं त्यांनीच राजा कोंडला. व्याही शह म्हणालेच नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

त्या वेळी मांडीखाली जे झालं ते कुणाला दिसलं नाही. बोटं सतरंजीत रुतली. मनगटापासून खांद्यापर्यंत हात वर यायला बघत होता, जनावर दाव्याला हिसडे देतं तसा. दात आवळले. कानात माझाच आवाज, गाढवा, हत्ती कशाला हलवलास, कशाला. ओट्यावरचा फोडणीचा आवाज थांबला. मला माहीत होतं की माझी मुलगी पाठ करून उभी आहे आणि ऐकतेय. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला पण मी हात काढला नाही. काढला असता तर तो डोळ्यांवर थांबला नसता. विहीणबाईंनी पाणी आणून समोर ठेवलं. ते घ्यायला पण हात काढला नाही.

मग व्याह्यांनी एकेक सोंगटी उचलून डब्यात ठेवली. माझ्या पण त्यांनीच ठेवल्या. जेवायला बसलो. दोन घास गेले असतील. कुणी आग्रह केला नाही. निघताना मुलीने वालाच्या बिरड्याचा डबा दिला. हातात देताना माझ्या कपाळाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि आत गेली.

मन हलकं झालं असं लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. खिंडीपासून घरापर्यंत मी स्वतःला आतून फोडून काढलं. हात बांधले की तोंड बंद होतं, पण आतलं चालूच राहतं, उलट जास्त. घरी आलो, दिवा पण लावला नाही, पायरीवर बसलो. पट काढावा, मांडावा, त्या घरावर बोट ठेवावं. उठलोच होतो.

फोन वाजला. मुलीचा.

"पोचलात?"

"पोचलो."

"जेवलात?"

"बघतो."

"म्हणजे नाय." मागे तिच्या कुकरची शिटी झाली. ती संपेपर्यंत ती थांबली. "बाबा, कुठं चुकलं?"

आत्तापर्यंत सगळे म्हणायचे जाऊ द्या, खेळच आहे, मनाला लावून घेऊ नका. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं."

"नाय कळत. घोडा तेवढा ओळखता येतो. सांगा तरी."

मी सांगितलं. राजा कुठे होता, तीन प्यादी कुठे, हत्ती कसा राखणीला होता, ते एकटं प्यादं कुठे दिसलं. तिला समजत नव्हतं हे मला कळत होतं. ती मध्येच "हा" म्हणत होती, कुठेही. मी सगळा डाव सांगितला, वजीर येऊन बसला तिथपर्यंत. अंधारात बसून, फोन कानाला लावून, एवढं मी तिची आई गेल्यापासून कुणाशी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, "मग हत्ती हलवलात कशाला?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं. इतके दिवस हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो आणि उत्तर म्हणून कपाळावर एक देत होतो. तिला काय देणार?

"माहीत नाय गो," मी म्हणालो. "खरंच माहीत नाय."

ती जाऊ द्या म्हणाली नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, नाकातून, सर्दी झाल्यासारखा. मी पण तसाच बसलो. उजवा हात फोन धरून होता.

"बरं," ती म्हणाली. "बिरडं तापवून घ्या. आंबेल नायतर."

उठलो, दिवा लावला, डबा उघडला. डब्यात गरम कोंडलेलं बिरडं आंबलं होतं. तसंच खाल्लं.